खाणींचें आम्लजल : रिक्थ व ऋण

(१)

खाणींचा इतिहास लिहितांना इतिहासकारांनीं आजवर बहुधा धातूचाच मागोवा घेतला आहे. तांबें किती निघालें, तें कोणत्या राजाच्या टांकसाळींत गेलें, खाणीचा मक्ता कोणाकडे होता, हें आपण शोधितों. आणि खाण बंद पडली कीं तिचें प्रकरणही बंद करितों. परंतु खाणीच्या तोंडाशीं पडलेला टाकाऊ दगडांचा ढीग व त्याच्या पायथ्याशीं पाझरणारें तांबडें पाणी हीं मात्र तेथेंच राहतात, आणि त्यांचा इतिहास धातूच्या इतिहासाहून पुष्कळ लांबीचा असतो. स्पेन देशाच्या नैर्ऋत्य भागांत रिओ तिंतो नांवाची नदी आहे. ह्या नांवाचा अर्थच 'रंगविलेली नदी' असा आहे. तिच्या उगमाशीं रोमन लोकांनीं व त्यांच्या पूर्वीं इतरांनीं रुपें व तांबें काढलें. त्या डोंगरांतील आंबटपणाचा कांहीं भाग मूळचा निसर्गाचाच आहे. परंतु खाणींनीं त्यांत मोठी भर घातली. आज ते लोक नाहींत, त्यांचें साम्राज्यही नाहीं. नदीचें पाणी मात्र लिंबाच्या रसाइतकें आंबट वाहत आहे.

ह्या पाण्यास आम्ही ह्या लेखांत आम्लजल म्हणूं. त्याच्या व्यवस्थेचा इतिहास पाहूं जातां जें एक तत्त्व हातीं लागतें तें असें : जोंपर्यंत ह्या पाण्यास बाजारांत मोल होतें तोंपर्यंत त्यास धनी होता, आणि धनी होता म्हणून व्यवस्था होती. मोल गेलें तसा धनीही गेला. पाणी तेवढें उरलें. आपल्या स्मृतिकारांचा दंडक असा कीं, जो मृताचें रिक्थ घेतो त्यानेंच मृताचें ऋणही फेडावें. खाणीच्या बाबतींत रिक्थ एकानें घ्यावें व ऋण दुसऱ्याच्या शेतांत वाहूं द्यावें, असा व्यवहार दीर्घकाळ चालला. तो कसा चालला, कोठें मोडला, व त्याचा आपल्या देशाशीं काय संबंध आहे, हें पुढें क्रमानें दाखविण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम ह्या पाण्याची उत्पत्ति सांगणें अवश्य आहे. लोखंड व गंधक यांच्या संयोगानें झालेला, पितळेसारखा चकाकणारा एक दगड आहे. आपल्या रसशास्त्रकारांनीं त्याच्या वर्गास माक्षिक असें नांव दिलें आहे. तांबें, जस्त, शिसें व सोनें यांच्या खनिजांत, तसेंच कित्येक ठिकाणच्या दगडी कोळशांतही तो मिसळलेला आढळतो. भूमीच्या पोटांत, हवेपासून दूर असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. खाणकऱ्यानें तो उकरून बाहेर टाकिला, किंवा बोगदा खणून हवेस आंत वाट करून दिली, म्हणजे हवेंतील प्राणवायु व पावसाचें पाणी यांच्या योगानें तो विघटित होऊं लागतो, आणि त्यांतून गंधकाचें तेजाब व लोखंडाचा क्षार उत्पन्न होतो. हा क्षार म्हणजेच आपल्या बाजारांतील हिराकस. तेजाबाच्या अंगीं इतर धातु विरघळविण्याची शक्ति असल्यामुळें वाटेंतील तांबें, जस्त, कॅडमियम, क्वचित् सोमल हींही त्यांत उतरतात. पुढें हें पाणी स्वच्छ ओढ्यास मिळालें कीं त्यांतील लोखंड पिवळ्या-तांबड्या गाळाच्या रूपानें तळाशीं बसतें. दगडांवर त्याचें पुट चढतें, पाण्यांतील किडे मरतात, आणि त्यांच्यामागून मासे नाहींसे होतात.

हा व्यापार केवळ निर्जीव द्रव्यांचा आहे अशीच समजूत दीर्घकाळ होती. सन १९४७ त कोल्मर व हिंकल ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील कोळशाच्या खाणींच्या पाण्यांत सूक्ष्म जंतु दाखवून दिले. हे जंतु लोखंडाच्या रूपांतरावरच जगतात, आणि त्यांच्यामुळें ती क्रिया लक्षावधि पटींनीं वेगानें होते, असें पुढील संशोधनानें ठरलें. ह्यावरून दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. एक, दगड जितका बारीक दळलेला तितकें त्याचें पृष्ठ अधिक व आंबण्याची क्रिया शीघ्र. म्हणून मूळ डोंगरापेक्षां खनिज कुटून उरलेली भुकटी अधिक घातक. दुसरी, एकदां ही क्रिया सुरू झाली कीं माक्षिक सरेपर्यंत ती आपण होऊन थांबत नाहीं. जवळपास चुनखडीचा दगड असेल तर तो तेजाबाचें शमन करितो. तो नसेल तेथें तें मनुष्यासच करावें लागतें.

(३)

प्राचीनांस ह्या पाण्याचा परिचय चांगला होता. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत खाणींच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत आरंभींच असें आहे कीं, धातूचा मळ, मुशी, कोळसे व राख ह्या खुणांवरून जुनी खाण ओळखावी. म्हणजे टाकाऊ ढीग हेंच खाणीचें पहिलें साधन होय, हें त्यानें जाणलें होतें. पुढें तो डोंगरांतील बिळें, गुहा व दऱ्या यांत आंतून पाझरणाऱ्या द्रवांचें वर्णन करितो. त्यांचे रंग सांगतांना जांभूळ, आंबा, ताडफळ, हळकुंड अशा उपमा तो देतो, आणि त्यांतील कोणते द्रव तांबें व रुपें यांचा वेध करणारे तेंही कथन करितो. हे सर्व द्रव आम्लजलच होते असा आमचा आग्रह नाहीं. परंतु पाझरणाऱ्या पाण्याच्या रंगावरून भूगर्भांतील धन ओळखावयाचें ही दृष्टि त्यांत स्पष्ट आहे. जेथें खर्च फार तेथें खाण भागानें किंवा खंडानें द्यावी, असेंही तो सांगतो. खाण संपल्यावर तिचें काय करावें ह्याविषयीं मात्र त्या अध्यायांत विधि नाहीं. आणि पुढील दोन हजार वर्षें तो जगाच्या कोणत्याही राजनीतींत शोधूनही क्वचितच सांपडेल.

रसशास्त्राचे ग्रंथ पाहिले तर हा सर्व परिवार एकत्र आढळतो. रसरत्नसमुच्चयांत माक्षिक व सस्यक यांची गणना महारसांत, आणि कासीस व गैरिक यांची उपरसांत केलेली आहे. आजच्या रसायनाच्या दृष्टीनें पाहतां माक्षिक हा जनक. कासीस म्हणजे हिराकस, आणि सस्यक म्हणजे मोरचूद, हीं त्याच्याच जातीच्या धातुद्रव्यांचीं हवापाण्यानें झालेलीं अपत्यें. संस्कृतांत मयूरतुत्थ, मराठींत मोरचूद. दोन्ही नांवांत मोर बसलेला आहे. आपल्या रंगाऱ्यांनीं हिरड्याबरोबर हिराकस वापरून कापडास काळा रंग चढविला, आणि वैद्यांनीं मोरचूद व्रणावर लाविला. पण ह्या जिनसा पहिल्यानें जगाच्या बाजारांत आल्या त्या खाणींच्या पाझरांतून.

पाश्चात्य देशांतही हाच प्रकार होता. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें स्पेनमधील कुंडांतील पाणी आटवून त्यांत खडे बांधलेल्या दोऱ्या सोडीत, व त्यांवर काचेच्या द्राक्षांसारखे निळे स्फटिक धरीत, असें वर्णिलें आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत गॅलेन नांवाचा प्रसिद्ध वैद्य सायप्रस बेटांतील खाण पाहण्यास गेला. तेथें दास लोक घागरी भरभरून तें हिरवें दाट पाणी बाहेर आणीत, आणि आंतील कोंदट हवेंत गुदमरूं नये म्हणून लगबगीनें पळत बाहेर येत. औषधासाठीं तें पाणी इतकें मोलाचें होतें कीं त्याचा थेंबही वायां जाऊं देत नसत. दासांच्या जिवाचें मोल त्याहून कमी होतें, हेंही त्याच वर्णनावरून दिसून येतें.

(४)

मध्ययुगांत व त्यापुढें ह्या पाण्याचा व्यापार वाढला. चीन देशांत सोंग घराण्याच्या कारकीर्दींत लोखंडाचे पत्रे खाणीच्या निळ्या पाण्यांत बुडवून ठेवीत. लोखंड विरघळे व त्याच्या जागीं तांबें बसे; तें खरवडून टांकसाळीकडे पाठवीत. किमयेचा हा चमत्कार वस्तुतः साधा व्यवहार आहे : पाण्यांतील तांबें लोखंडाशीं अदलाबदल करितें. हीच रीति पुढें युरोपांत सर्वत्र रूढ झाली.

वेल्स प्रांतांतील अँगलसी बेटावर मिनिड पॅरिस नांवाचा तांब्याचा डोंगर आहे. तेथें सन १७६८ च्या २ मार्च रोजीं मोठा सांठा हातीं लागला, आणि थोड्याच वर्षांत तेथील तांब्यानें युरोपचा बाजार हालविला. डोंगरांतून निघणारें पाणी त्या लोकांनीं ओढ्यांत न सोडतां हौदांत घेतलें, त्यांत मोडकें लोखंड टाकिलें, तळाशीं बसलेलें तांबें काढून घेतलें, आणि उरलेलें तांबडें चिखल वाळवून रंग म्हणून विकलें. उत्तम खनिज एकोणिसाव्या शतकांत संपत आलें, तरी हौदांतील हा धंदा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून राहिला.

आपल्या देशांतही ह्याचें उदाहरण आहे. राजपुतान्यांतील खेतडी व सिंघाणा येथें तांब्याच्या फार जुन्या खाणी आहेत. एकोणिसाव्या शतकांत तेथें टाकून दिलेला आंबट दगड भिजवून, तें पाणी आटवून, मोरचूद, तुरटी व हिराकस अशा तीन जिनसा काढीत असत. एका पाण्यांतून तीन पदार्थ वेगळे करण्याची ही विद्या तेथील कारागिरांस परंपरेनें अवगत होती.

परंतु ह्या सर्वांत बोधप्रद उदाहरण स्वीडनमधील फालुन येथील खाणीचें होय. ही खाण सुमारें हजार वर्षें चालून सन १९९२ च्या ८ डिसेंबर रोजीं बंद पडली. सतराव्या शतकांत युरोपांतील तांब्याचा फार मोठा वांटा ह्या एका खाणींतून येत असे. तेथें हिराकस करीत. आणि ढिगांतील आंबून मऊ झालेली माती धुऊन व भाजून घरांस लावावयाचा तांबडा रंग करीत. सन १७६४ पासून त्याचा नियमित कारखाना आहे, आणि त्या देशांतील लांकडी घरें आजही त्याच रंगानें रंगविलेलीं दिसतात. गेरूच्या ह्या भाऊबंदानें लांकूड टिकतें. त्याच खाणींत सन १७१९ मध्यें एका तरुणाचें प्रेत सांपडलें. तें इतकें अविकृत होतें कीं तो नुकताच मेला असावा असें पाहणारांस वाटलें. ओळख पटेना. शेवटीं एका वृद्ध स्त्रीनें त्यास ओळखिलें. तो तिचा वाग्दत्त वर होता, आणि सन १६७७ त खाणींत गेला तो परत आला नव्हता. हिराकसाच्या पाण्यानें बेचाळीस वर्षें त्याचें तारुण्य राखिलें होतें. ती मात्र म्हातारी झाली होती. जर्मन कवींनीं ह्या कथेवर पुष्कळ लिहिलें. आम्हांस तींत दुसरेंही कांहीं दिसतें : खाणीच्या पाण्याचा काळ व मनुष्याचा काळ यांचें माप एक नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मग पूर्वींची व्यवस्था निर्दोष होती काय? मुळींच नाहीं. जर्मन पंडित आग्रिकोला याचा धातुविद्येवरील ग्रंथ सन १५५६ त छापला गेला. त्याच्या पहिल्याच भागांत त्यानें खाणींच्या विरोधकांचे आक्षेप मांडले आहेत. खनिज धुतलेलें पाणी ओढ्यांत व नद्यांत जाऊन मासे मरतात किंवा निघून जातात, हा त्यांपैकीं एक आहे. आग्रिकोलानें त्यास उत्तर दिलें तें थोडक्यांत असें कीं, धातूवांचून मनुष्याचें जीवित चालणार नाहीं. पुढील चारशें वर्षें हेंच उत्तर निरनिराळ्या भाषांत दिलें गेलें. पूर्वींची व्यवस्था लोभाची होती, धर्माची नव्हती. इतकेंच कीं, लोभानें पाण्यावर लक्ष ठेविलें होतें.

(५)

हें लक्ष कां उडालें, हें आतां पाहूं. सन १७४६ मध्यें इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें शिशाच्या कोठड्यांत गंधकाचें तेजाब करण्याची रीति निघाली. पूर्वीं हिराकस भट्टींत तापवून तेजाब काढीत. तें काम आतां स्वस्तांत होऊं लागलें. सन १८५६ त कृत्रिम रंग निघाला, आणि पुढील कांहीं दशकांत रंगाऱ्याच्या दुकानांतील जुन्या जिनसा मागें पडल्या. एकोणिसाव्या शतकांत तेजाबासाठीं स्वतः माक्षिकच जाळीत असल्यामुळें त्यास कांहीं काळ चांगला भाव होता. परंतु पुढें भूगर्भांतून शुद्ध गंधक, आणि नंतर खनिज तेलाच्या शुद्धीकरणांतून निघणारा गंधक, मुबलक मिळूं लागला. अशा रीतीनें माक्षिकाचें मोल गेलें, व तें शुद्ध कचरा ठरलें. त्याच वेळीं यंत्रांच्या योगानें खाणी पूर्वींपेक्षां शतपट मोठ्या झाल्या. मोल घटत असतां ढीग वाढत गेला, हें सर्व अनर्थाचें मूळ होय.

दगडी कोळशाच्या खाणींच्या पाण्यास तर प्रथमपासूनच मोल नव्हतें. तेथें धन्यानें पाण्याकडे पाठ फिरविली. आणि न्यायासनानेंही त्यास आधार दिला, ह्याचें एक उदाहरण येथें देतों. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत स्क्रँटन शहराजवळ सँडरसन नांवाच्या बाईनें सन १८६८ त मेडो ब्रुक नांवाच्या ओढ्याकांठीं, त्याचें पाणी निर्मळ म्हणून, जागा घेतली. घर बांधलें, बंधारा घातला, मासे सोडले, नळानें पाणी घरांत आणिलें. पुढें ओढ्याच्या वरच्या अंगास एका कोळसा कंपनीनें खाण सुरू केली व आंतील आंबट पाणी पंपानें उपसून ओढ्यांत सोडिलें. मासे मेले, नळ सडले, पाणी निरुपयोगी झालें. बाईनें दावा केला. सन १८७८ त संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें तिचा पक्ष ग्राह्य धरिला. परंतु सन १८८६ त त्याच न्यायालयानें आपलें मत फिरवून असा निर्णय दिला कीं, खाणींतून आपोआप निघणारें पाणी नैसर्गिक उतारानें वाहूं देणें हा जमिनीचा स्वाभाविक उपभोग आहे, आणि मोठ्या सार्वजनिक उद्योगाच्या गरजेपुढें व्यक्तीची गैरसोय गौण आहे. ह्या निर्णयाची छाया फार लांबवर पडली. त्या संस्थानांत सन १९३७ त नद्यांच्या स्वच्छतेचा कायदा झाला, तेव्हांही कोळशाच्या खाणींचें पाणी त्यांतून वगळलें गेलें. ती सवलत सन १९६५ त निघाली. एका ओढ्याचा निकाल ऐंशीं वर्षें हजारों मैलांच्या ओढ्यांस भोंवला.

इंग्लंडांतही असाच प्रकार घडला. तेथील कायद्यान्वयें चालू खाणीच्या धन्यावर पाण्याचा बोजा होता. पण खाण सोडून दिली कीं तिच्यांतून पाणी 'वाहूं दिल्याबद्दल' त्यास जबाबदार धरितां येत नसे. ही सूट ३१ डिसेंबर १९९९ पूर्वीं सोडलेल्या खाणींपुरती तशीच राहिली. म्हणजे पंप चालविणें हा गुन्ह्याचा धोका, व पंप बंद करून निघून जाणें हा मोक्षाचा मार्ग, अशी विलक्षण स्थिति होती. कॉर्नवॉल प्रांतांतील व्हील जेन ही कथिलाची खाण सन १९९१ त बंद झाली, पंप थांबले, आंतील पोकळी पाण्यानें भरत गेली. आणि सन १९९२ च्या जानेवारींत सुमारें पांच कोटि लिटर आंबट पाणी एकाएकीं फुटून फाल नदीच्या खाडींत शिरलें. खाडी नारिंगी झाली. त्यानंतरच्या शुद्धीकरणाचा खर्च सरकारच्या, म्हणजे करदात्या प्रजेच्या, माथीं आला.

अमेरिकेंत माँटाना संस्थानांत ब्यूट येथील बर्कली नांवाची उघडी खाण सन १९५५ पासून १९८२ पर्यंत चालली. सन १९८२ च्या एप्रिलच्या २२ व्या तारखेस खालचे पंप बंद झाले व खाणीचा प्रचंड खड्डा आम्लजलानें भरूं लागला. सन १९९५ च्या नोव्हेंबरांत त्या तळ्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेलेले आढळले. त्या पाण्यांतून जुन्या चिनी रीतीनेंच, मोडकें लोखंड घालून, कांहीं वर्षें तांबेंही काढण्यांत आलें; पण पूर्वींसारखा त्यावर खाणीचा संसार चालण्याजोगें तें उत्पन्न नव्हतें.

(६)

मोल नसलेल्या पाण्याची व्यवस्था कशी करावी, ह्याचें शास्त्र मुख्यतः गेल्या शंभर वर्षांत बनलें. आपल्या वैद्यकांत निदानाचें परिवर्जन, म्हणजे रोगाच्या कारणास दूर ठेवणें, ही पहिली चिकित्सा सांगितली आहे. येथेंही तेंच खरें. कारणें दोन, हवा व पाणी. हवा तोडण्यासाठीं टाकाऊ भुकटी पाण्याखालीं बुडवून ठेवितात, किंवा तिच्यावर चिकणमातीचे थर दाबून वर झाडोरा लावितात. पाणी तोडण्यासाठीं डोंगराच्या वरच्या अंगास चर खणून पावसाचें स्वच्छ पाणी ढिगाला न शिवतां बाजूनें काढून देतात. ह्या उपायांतही जोखीम आहेच. भुकटी पाण्याखालीं ठेवावयाची तर बांध अभंग पाहिजे. स्पेनमधील अस्नालकोयार येथें सन १९९८ च्या एप्रिलांत असा बांध फुटून पन्नास लक्ष घनमीटरांच्या आसपास आंबट गाळ व पाणी शेतांवरून दोन्याना अभयारण्याच्या सीमेपर्यंत गेलें. अमेरिकेंत १९३० नंतरच्या मंदीच्या दशकांत बेकारांस काम म्हणून हजारों जुन्या बोगद्यांचीं तोंडें बुजविलीं. हवा कोंडावी हा हेतु होता, पण फुटलेल्या डोंगरांत हवेस वाटा अनेक, त्यामुळें यश थोडें आलें.

कारण टाळतां आलें नाहीं तर शमन करावें लागतें. पाण्यांत चुना मिसळला म्हणजे आंबटपणा मोडतो व धातु गाळाच्या रूपानें खालीं बसतात. हा उपाय खात्रीचा आहे. परंतु चुना रोज लागतो, गाळ रोज निघतो, व तो गाळ पुन्हां कोठें तरी सांभाळावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे चुनखडीचे झांकलेले चर व पाणथळ वनस्पतींचीं तळीं. त्यांस खर्च कमी, पण पाणी थोडें व सौम्य असेल तेथेंच तीं चालतात. शिवाय चुनखडीवर लोखंडाचें पुट चढलें कीं तिचा गुण लोपतो.

ह्या चिकित्सेचा खरा खर्च किती, हें कॅलिफोर्निया संस्थानांतील आयर्न मौंटन ह्या खाणीवरून कळतें. तेथें १८६० नंतरच्या दशकापासून सन १९६३ पर्यंत रुपें, तांबें, जस्त व माक्षिक निघालें. खाणीच्या आंत जगांतील सर्वांत तीव्र असें नैसर्गिक रीतीनें बनलेलें आम्ल मोजलें गेलें आहे. आम्लतेच्या ज्या मापांत लिंबू दोनाच्या वर आहे त्यांत हें पाणी शून्याच्याही खालीं साडेतीनावर गेलें. तोंड बुजवून तें आंत कोंडावें अशी सूचना होती. परंतु तसें केल्यास डोंगराच्या पोटांत सहा लक्ष घनमीटर तेजाबाचें तळें होईल, असें शास्त्रज्ञांनीं दाखविल्यावर ती सोडून द्यावी लागली. शेवटीं तें सर्व पाणी धरून चुन्यानें शमविण्याची व्यवस्था झाली, आणि सॅक्रामेंटो नदींत जाणाऱ्या तांबें, जस्त व कॅडमियम यांचा शेंकडा ९५ हून अधिक भाग थांबला. पण डोंगरांत उरलेलें माक्षिक सध्यांच्या वेगानें सरण्यास सुमारें तीन हजार वर्षें लागतील असा हिशेब आहे. खाण चालली शंभर वर्षें, शमन करावयाचें तीन हजार.

हा भार कोणीं उचलावा? तेथील सन १९८० च्या कायद्यानें मूळ धन्यापासून हस्तांतर होत आलेल्या उत्तराधिकाऱ्यास गांठलें. खाण बंद पडल्यानंतर ती विकत घेतलेल्या कंपनीची जी वारस, तिची पुन्हां जी वारस, तिच्याशीं सन २००० त तडजोड झाली. तिची एकंदर किंमत ९५ कोटि डॉलरांपर्यंत सांगण्यांत आली. तीस वर्षांची व्यवस्था लावून सन २०३० त सरकारास ५१ कोटींहून अधिक डॉलर मिळावे अशी तींत योजना आहे. ज्यानें खाणींत कुदळ मारिली नाहीं त्यास दंड कां, असा प्रश्न कोणी करील. त्यास स्मृतींचें उत्तर तयार आहे : ज्यानें रिक्थ घेतलें त्यानें ऋणही घेतलें.

(७)

आतां आपल्या देशाकडे वळूं. महाराष्ट्रांतील वर्धा खोऱ्याच्या कोळशांत गंधकाचा अंश साधारणतः अल्प, आणि गोमंतकांतील लोहखनिज प्राणवायुयुक्त असल्यामुळें तेथें आम्लापेक्षां गाळाचा उपद्रव मोठा. यामुळें मराठी मुलुखास ह्या व्याधीची झळ फारशी पोंचली नाहीं. परंतु मेघालयांतील जयंतिया टेंकड्यांत ती पूर्णपणें पोंचली आहे. तेथील कोळसा वयानें लहान व गंधकानें समृद्ध. जमीन व तिच्याखालील कोळसा खाजगी किंवा समाजाच्या मालकीचा. उंदराच्या बिळांसारखीं अरुंद भुयारें खणून तो काढीत, आणि बीळ संपलें कीं सोडून देत. अशीं भुयारें हजारों झालीं. ओढ्यांतील मासे नाहींसे झाले. कोपिली नदीवरील वीजकेंद्राचीं यंत्रें आंबट पाण्यानें झिजून खराब झालीं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें १७ एप्रिल २०१४ रोजीं हें खाणकाम बंद करण्याचा आदेश दिला. तरीही १३ डिसेंबर २०१८ रोजीं क्सान येथील एका बेकायदा भुयारांत शेजारच्या पाण्याचा लोंढा शिरून पंधरा मजूर अडकले. शोध करूं जातां त्या भुयाराचा नकाशाच नाहीं अशी अडचण पुढें आली, व सरकारास ती सर्वोच्च न्यायालयांत सांगावी लागली.

आपल्या कायद्यानें ह्या दिशेनें पाऊल टाकिलें नाहीं असें नाहीं. सन २००३ पासून खनिजांच्या खाणींस, व सन २००९ पासून कोळशाच्या खाणींस, खाण बंद करण्याची योजना आगाऊ मंजूर करून घेणें व तिच्यासाठीं तारण ठेवणें अवश्य झालें आहे. अर्थशास्त्रांतील आकराध्यायास जो विधि ठाऊक नव्हता तो अशा रीतीनें सुमारें दोन हजार वर्षांनीं लिहिला गेला. तारण किती वर्षांस पुरेल, हा प्रश्न मात्र उरतोच. कारण योजनेची मुदत वर्षांत मोजतात, आणि माक्षिकाची शतकांत.

(८)

ह्या सर्वांत इतिहाससंशोधकाचें काय काम, असें वाचक विचारतील. आमच्या मतें तें फार आहे. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत ५ ऑगस्ट २०१५ रोजीं गोल्ड किंग नांवाची सोडून दिलेली खाण दुरुस्त करण्यास सरकारी माणसें गेलीं असतां आंतील पाण्याच्या दाबाचा अंदाज चुकला, आणि एक कोटि लिटरांहून अधिक आम्लजल ॲनिमस नदींत फुटून ती पिवळी झाली. याच्या उलट मिनिड पॅरिस येथें डोंगराच्या आंतील जुना बंधारा व त्यामागें कोंडलेलें पाणी यांची माहिती ठेवून सन २००३ त तें पाणी आधीं उपसून काढिलें, आणि मगच बंधारा काढिला. त्यामुळें खालच्या गांवावरील संकट टळलें. डोंगराच्या आंत काय आहे, हें बाहेरून दिसत नाहीं. तें जुन्या कागदांतच दिसतें. इंग्लंडनें सन १८७२ पासूनच सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा सरकारांत ठेवण्याची सक्ति केली, ती ह्याच कारणास्तव.

म्हणून आमची सूचना अशी आहे. आपण सनदा, महजर व जमाखर्चाचे कागद जसे जपतों, तसेच बंद पडलेल्या खाणींचे पट्टे, नकाशे, भुयारांचीं मापें, उपशाचीं टिपणें व ढिगांच्या जागा यांचीही नोंद करावी. संस्थानी दप्तरांत, मक्तेदारांच्या घराण्यांत, जुन्या कंपन्यांच्या कोठारांत असे कागद पडलेले असतात, आणि खाण बंद पडली म्हणून निरुपयोगी समजून रद्दींत जातात. वस्तुतः खाण बंद पडते त्याच दिवशीं त्यांचा खरा उपयोग सुरू होतो. पट्ट्यावरून धनी कोण होता हें ठरतें, हस्तांतराच्या कागदांवरून रिक्थ कोणाकडे गेलें हें ठरतें, आणि नकाशावरून पाणी कोठें कोंडलें आहे हें कळतें. ऋणपत्र हरवलें तर ऋणको सुटतो, हा व्यवहाराचा साधा नियम आहे; आणि येथें धनको म्हणजे ओढ्याकांठचा शेतकरी व त्याचीं नातवंडें आहेत. त्यांच्या वतीनें तें पत्र सांभाळून ठेवणें हें आपल्यासारख्या मंडळांचें कर्तव्य होय, असें आम्ही नम्रपणें सुचवितों.